पाठीला पाठ

कॉव्हेंट्रीच्या लायब्ररीत मंगळवारी
मी खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडते.
फोनवर चेहरा नसतो.
मान हलवलेली कुणाला ऐकू येत नाही.

होदान दर वाक्याला मागे वळते.
वळायचं नाही, मी म्हणते, विचारायचं:
सॉरी, पुन्हा सांगता का, जरा हळू?
ती ते तळहातावर पेनने लिहून घेते,
सोमाली वळणाच्या अक्षरात.

शुक्रवारी सकाळी आठला दवाखान्याचा नंबर.
बावीस मिनिटं तोच पियानो,
मांडीवर तापलेलं पोर.
मग एक बाई भरभर बोलली.
होदानने मूठ उघडली, वाचलं.
बाई हळू झाली.

आज तळहात कोरा आहे.

रात्री मी बार्शीला फोन लावते.
आई काहीतरी पुटपुटते.
नेहमीसारखं 'हो, हो'
तोंडावर आलेलं असतं.