कोणत्या माळ्यावर

ग्रँड ट्रंकनं पत्र्याचे डबे यायचे,
स्टेशनाहून मी सायकलवर आणायचो.
त्यात ओटमार केसलिंग असायचा.
जर्मन. पट्टीचा नट म्हणे.
बोलायचा ते आमच्या बापजन्मी कळलं नसतं,
पडद्याखाली अक्षरं नसायची,
म्हणून एजी ऑफिसातले घाटोळे
कडेला स्टुलावर बसत,
मांडीवर वही, हातात बॅटरी,
अन् तो तिकडे ओठ हलवी
तेव्हा इकडे मराठीत बोलत.

बावीस वर्षं बोलले.
पहिल्या डब्यात केसलिंग पोरगेला,
राजाच्या मागं भाला धरून उभा,
"आलो, महाराज" एवढंच.
मग नायक झाला.
भर मे महिन्यात घाटोळे कॉलरची गुंडी लावून बसले,
कारण तिकडे बर्फ पडत होता.
मग त्याचं पोट सुटलं,
दारुडा सासरा, लाचखाऊ न्यायाधीश.
यांना चष्मा लागला.

एका पिक्चरमध्ये तो नुसता बटाटा सोलतो.
टेबलावर बायको गेल्याची तार.
तीन मिनिटं, एक अखंड साल, शब्द नाही.
घाटोळ्यांनी बॅटरी विझवली.
वर केबिनमधून मला दिसलं,
यांचाही अंगठा बोटावरून
हळूहळू सरकत होता.

ते म्हणत, खरा केसलिंग नाटकातला.
युद्धानंतर छप्पर उडालेल्या थेटरात
लोक तिकिटाऐवजी कोळसा आणत,
हा छत्रीखाली संवाद म्हणे.
तुम्ही पाहिलं का हो?
"छे बे. नाटक कुठं डब्यात येते?"
स्वतः घाटोळे झाडीपट्टीत दोन सीझन
पहाटेपर्यंत उभे राहिलेले.
त्याचाही डबा नाही.

शेवटच्या पिक्चरमध्ये तो लिफ्टमन.
टोपी. एकच वाक्य.
डबा आला तेव्हा केसलिंगला जाऊन वर्ष झालेलं,
अन् घाटोळ्यांच्या घशाचं ऑपरेशन.
तरी आले. स्टुलावर बसले.
वही उघडली नाही.

लिफ्टचं दार सरकलं.
केसलिंगनं वर पाहिलं, काहीतरी पुटपुटला.
हॉलमध्ये कूलरची घरघर, सतरा माणसं.
तिसऱ्या रांगेतून डांगरे मास्तर,
ज्यांना जर्मनचं ज माहीत नाही,
घाटोळ्यांच्याच सुरात बोलले,
"कोणत्या माळ्यावर, साहेब?"
लिफ्टवाला दुसरं काय विचारणार?

घाटोळे हसले की खोकले,
वरून कळलं नाही.

रात्री रीळ उलटं गुंडाळलं,
झाकण ठोकून बसवलं.
पुढचं गाव डब्यावर खडूनं लिहायचं असते.
हैदराबाद लिहिलं.
मग हात पँटीला पुसले.