झडती

चुंभळेकाका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले.
छत्तीस वर्षं नोटा मोजल्या,
सुटताना रोज गेटवर
खिसे उलटे करून दाखवले.

काल जेल रोडच्या गिरणीबाहेर
बाकावर दोघंच होतो.
दळणाला वेळ होता,
मी सांगून टाकलं :
त्या रात्री भावाचा फोन आला होता,
मी उचलला नाही.

‘असू दे’ म्हणाले नाहीत.
नशिबाचं काही काढलं नाही.
बऱ्याच वेळानं एवढंच,
“कितीदा वाजला?”

तीनदा, म्हणालो.
आणि चार वर्षांत पहिल्यांदा रडलो,
भर रस्त्यात.
गिरणीवाल्यानं दोन हाका मारल्या,
मग डबा स्वतःच आणून ठेवला.

डबा नेहमीएवढाच जड.
जिन्यात खिसे चाचपले :
किल्ली, दळणाची चिठ्ठी,
सुटे आठ रुपये.
बस.