उष्टं

विट्स्केच्या शेडमध्ये आता डुकरं नाहीत.
त्यांचा वास भिंतींत आहे अजून, दमट दिवशी येतो.
निळ्या ट्रेंच्या सतरा ओळी,
अठ्ठावीस अंशांची ऊब,
आणि काळ्या माशीच्या अळ्या, कोंड्यात तोंड खुपसून.
कान दिला तर ऐकू येतं,
पत्र्यावरून ओली वाळू घसरावी तसं.

कागदावर हे पशुधन.
गाय, मेंढी, डुक्कर,
आणि त्याच रकान्यात ही तांदळाएवढी.
पशुधन म्हटलं की दावण आली,
दावणीत काय टाकायचं तेही आलं:
मांस नको, शेण नको,
ताटात एकदा वाढलेलं काहीच नको.
ज्या जातीनं कोट्यवधी जन्म
उष्ट्या-सडक्यावर काढले
तिला सोवळ्यात जेवायला बसवलंय ब्रसेल्सनं.

येल्टेच्या हॉटेलात रोज दोन बादल्या उरतात,
पॅनकेक, बटाटे, वाटाण्याचं सूप.
त्या बादल्या शेडच्या दारावरून जातात
साठ किलोमीटर, गॅसच्या टाकीत कुजायला.
कोंडा येतो ट्रकनं.
बिल कोंड्याच्या आधी येतं.

मध्ये काही वर्षं अशीही होती
की अळी कोंबडीपुढे जिवंत टाकली तर चालायची,
दळून टाकली तर गुन्हा.
विट्स्के हे सांगते आणि हसते,
पाहुण्यांना सांगायचं म्हणून पाठ झालेलं हसू.

मंगळवारी डाऊवे आला तपासणीला.
बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, हातात थर्मामीटर,
चाळणीवर झुकून त्यानं नमुना घेतला,
बाटलीवर तारीख घातली.
ती म्हणाली, "माशीला उष्ट्याचा विटाळ कधीपासून?"
तो सही करत राहिला.
मग पेनाचं टोपण शोधत म्हणाला,
"बाबांच्या गोठ्यात एकशेबारा गाई होत्या.
एक जण उभ्या उभ्या थरथरायला लागली.
पिठाच्या गोणीवर फक्त 'प्रथिनं' लिहिलेलं होतं.
गाईचीच हाडं होती ती, दळलेली.
एकीपायी सगळ्या नेल्या.
मी बाराचा होतो.
रिकाम्या गोठ्यात बाबा तरीही पहाटे चारला जायचे."

टोपण खिशातच सापडलं.
पुढचा रकाना आर्द्रतेचा होता, तो त्यानं भरला.

विट्स्केला म्हणायचं होतं, पण माशी म्हणजे गाय नव्हे.
खरं होतं ते.
तिनं कॉफी ओतली.

जुलैतला उजेड रात्री दहालाही जात नाही.
मागच्या दाराशी, घरच्या सालींच्या डब्यावर
शेडमधून निसटलेली एक माशी बसली होती,
झाकणाच्या फटीत शेपूट घालून, अंडी देत.
या डब्याला रकाना नाही, तापमान नाही, डाऊवे नाही.
विट्स्के हातात ताट घेऊन उभी राहिली,
कडेला सुपाची एक रेघ वाळलेली.
झाकण उचललं असतं तर माशी उडाली असती.

ताट तिनं पायरीवरच ठेवलं.