भुईकाटा

सावद्याच्या बायपासला, केळी ग्रुपच्या शेडपुढे
मी भुईकाट्यावर बसते. आठ ते सहा.
ट्रक चढतो, आकडा चढतो.
ट्रक उतरला की आकड्यानं शून्यावर यायचं,
एवढंच त्याचं काम.
या मे महिन्यात येत नाही.
रिकाम्या लोखंडावर तीनशे चाळीस किलो उभे असतात.
कुणाचे, ते पावतीत लिहिता येत नाही.

भुसावळहून नेहेते आले, झाकण उचलून खाली उतरले.
आतूनच म्हणाले, ताई, मागे कधीतरी याच्यावर
झेपेल त्याहून जास्त चढवलंय कुणीतरी.
मोडत नाही हे अशानं.
परत यायचं विसरतं.
मी त्यांना चहा दिला.
कपाचा कान धरायला मला दोन्ही हात लागले.

दादांची एम-एटी होती.
स्टँड एका लाथेत बसला तर जेवण.
दोनदा घसरला तर धाकट्याला घेऊन
गोठ्यामागे, केळीच्या वाळक्या पानांत, श्वास दाबून.
बाराखडीच्या आधी मला लोखंडाची भाषा आली.

हेमराज गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद करतो,
ढकलत आणतो दारापर्यंत. अकरा वर्षं.
मी कधी सांगितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही.
तरी स्टँड टेकतो
आणि माझ्या हातातली पोळी हवेत थांबते.

त्याच गुरुवारी ओजसनं शेवभाजीची वाटी कलंडवली,
भूगोलाच्या वहीवर, त्यानं काढलेल्या जिल्ह्यावर.
वाटीचं वजन किती? रश्श्यासकट पाव किलो धरा.
माझ्यात दहा टन आले.
काय बोलले ते आठवत नाही.
आठवतं त्याचं कोपर:
चेहऱ्यापुढे आडवं, टोक बाहेर, तळवा कानावर.
नऊ वर्षांच्या पोराला ते कुणी शिकवलं?
ते कोपर माझं आहे.
मी ते कुणालाही दिलेलं नव्हतं.

आणि दादा गेले तेव्हा शून्य.
दशांशापर्यंत शून्य.
कोकिळाकाकू खांदे धरून हलवत होत्या,
रड व माय, मोकळी हो, काय झालं तुले?
मी उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजत होते.
एकेचाळीस.
एक पाय कुणाचा तरी हरवला होता,
त्याचंच तेवढं वाईट वाटलं.

नेहेत्यांनी दुरुस्ती केली ती अशी:
खालचा चिखल खरवडला. वर्षानुवर्षांचा होता, त्यात केळीचा चीक.
मग वीस किलोचं एक वजन ठेवलं, ओळखीचं.
वाचलं. उचललं. थांबले.
पुन्हा ठेवलं.
दुपार गेली. बाहेर तीन ट्रक हॉर्न वाजवत होते.
घाई केली की हा खोटं बोलतो, म्हणाले.

रात्री मी ओजसजवळ जमिनीवर बसले.
चुकलं, म्हणाले. एवढंच जमलं, तेही भिंतीकडे बघून.
बऱ्याच वेळानं त्यानं झोपेत असल्यासारखा
पाय माझ्या मांडीवर टाकला.
झोपला नव्हता. मला कळतं ते,
मीही तशीच झोपायचे.
पायाचं वजन दीडेक किलो.
मी हलले नाही.

सकाळी वही वाळली होती.
तापीच्या वर तेलाचा मोठा डाग, पलीकडच्या पानापर्यंत उतरलेला.
त्यावर पेन्सिल नीट उठत नव्हती,
तरी दाबून दाबून त्यानं तिथे एक टिंब काढलं होतं,
आणि शेजारी लिहिलं होतं: सावदा.