दाणा धरेपर्यंत

मार्चच्या पानामागं, दुधाचा हिशेब करते तिथंच
मी मधोमध रेघ ओढली.
डावीकडं कोल्हापूर, उजवीकडं जिंजा.

कारखान्याचा पट्टा पडून नऊ दिवस झालेले.
आता पुढच्या सीझनपर्यंत माणूस घरात, निम्म्या पगारावर,
आणि शर्टाच्या खिशात युगांडाच्या साखर कारखान्याचं पत्र:
पॅनमन पाहिजे, पगार डॉलरात,
घर आमचं, वीज तुमची, वर्षाला एक तिकीट.
एक. मी ते दोनदा वाचलं.

भाव सांगायला पायगोंडा आहे, तीन वर्षं झाली त्याला जाऊन.
रात्री साडेदहाला फोनमधनं त्याचा आवाज येतो, मागं बेडूक:
"वहिनी, केळी काय, फुकटच म्हणा,
अननस असा की हितला विसरून जाल.
पण तूरडाळीचा दर बघून डोळं पांढरं हुत्यात.
जिरं तर सोन्यागत पुडीतनं.
आणि जनरेटरचं डिझेल धरलंय का तुम्ही?"

नव्हतं धरलं. धरलं.
मच्छरदाणी, तापाच्या गोळ्या, पाण्याचा फिल्टर.
एका रुपयाला चाळिसाच्या वर शिलिंग,
पहिल्यांदा वाटलं, आपण राजेच.
मग टोमॅटोचा आकडा ऐकला
आणि शून्यं खोडत बसले.

कपिलतीर्थात त्याच दिवशी मेथी वीसला दोन पेंड्या,
लक्ष्मीपुरीत शाळू बरा निघाला होता.
पायगोंडा म्हणतो, ज्वारी मूळची तिकडचीच,
थापणारे हात तेवढे इकडनं न्यावे लागतात.
हात कुठल्या बाजूला लिहायचे, ते काही सुचलं नाही.

ऋषभची अकरावी. क्लासची फी डावीकडं लिहिली,
मग लक्षात आलं, ती उजवीकडंही लागणार.
आत्तींच्या बीपीच्या गोळ्या, त्याही.
घरपट्टी, त्याही.
तिघांची तिकिटं धरली तर दोन वर्षं नुसती भरपाईत जातात.
एकाचं धरलं तर पहिल्याच दिवाळीला
उजवी बाजू जड.
सुकुमार एकटेच जाणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं.
बेरजेतनं निघालं ते.

आत्ती दिवस मावळायच्या आत जेवतात, पन्नास वर्षं झाली.
ताटावरनं उठता उठता म्हणाल्या,
"तिकडं दिवस कवा मावळतो गं?"
विचारून सांगितलं: बारा महिने एकाच वेळेला,
पावणेसातच्या आसपास. थंडीत लवकर नाही,
उन्हाळ्यात उशीर नाही.
"मग बरंय की. घाईगडबड न्हाई जेवायला."
हात धुतला, पदराला पुसला.
"मी मातर हितंच ऱ्हातो."
मी उजवीकडं लिहिलं: सूर्य.
पुढं काहीच नाही. त्या अख्ख्या बाजूला
बिनखर्चाची तेवढी एकच ओळ.

सुकुमार उशिरा आले, चपला न काढताच पान उचललं.
सोळा वर्षं उकळत्या पाकाचा थेंब काचपट्टीवर घेऊन
दिव्यापुढं धरणारा हात तो,
दाणा धरला की नाही हे कुणाला न विचारता सांगणारा.
पान तसंच बल्बपुढं धरलं.
कागद पातळ. माझ्या आकड्यांमागनं
मार्चच्या तारखा दिसायला लागल्या, उलट्या,
आणि चार ठिकाणी माझी फुली,
दूध आलं नव्हतं ते दिवस.

बराच वेळ बघत होते.
"अजून दाणा धरला नाही," म्हणाले. "राहू दे जरा."
पान परत खिळ्याला लावलं. वाकडं.

सकाळी गवळ्याला किटली पुढं करताना
मी सहज विचारल्यासारखं विचारलं,
जूनपासनं अर्धा लिटर कमी करायचं झालं
तर किती दिवस आधी सांगायचं?