मोजणी

महापालिकेत चेनमन आहे मी, बावीस वर्षं.
साहेब दुर्बिणीला डोळा लावतात,
मी लांब पट्टी धरून उभा राहतो.
पट्टी सरळ धरायची, श्वास हळू घ्यायचा,
एवढीच माझी विद्या.

दिवाळी सरली की तुझ्या उन्हाची मोजणी येते.
महाद्वारातून आत, गरुड मंडपाच्या खांबांमधून,
पितळी उंबऱ्यावरून, कासवावरून,
पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर,
तिसऱ्या दिवशी मुख.
सूर्य वेळ पाळतो.
मध्ये कुणाचा पत्रा येतो, कुणाची पाण्याची टाकी,
एका लॉजची पाटी, साडेतीन इंच.
ते साडेतीन इंच मीच मोजले.
तुझ्या पायाशी यायचा उजेड तेवढ्यानं अडतो, आई,
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं
आणि मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

लॉजला नोटीस गेली सोमवारी.
बुधवारी पाटी खाली.

त्याच वहीत, बरीच पानं मागं,
माझ्याच अक्षरात आहे:
लक्षतीर्थ वसाहत, शाळेची मागील बाजू, चेंबर उघडे.
रुंदी दोन फूट, खोली पाच. झाकण नाही.
तारीख चौदा मार्च.
खाली सही, सहीवर शिक्का.
शिक्क्याखालून झाकण काही बाहेर आलं नाही.
ऑगस्टात मालन सुतारचा यशराज
फुटबॉलमागं धावत तिथवर गेला.
आठ वर्षांचा. पाठीवर दहा नंबर.

आता तू सांग.
मी माणूस. मला वरिष्ठ आहेत, टपाल आहे,
चहा पिऊन मी विसरू शकतो.
तुझ्यावर कोण आहे?
तुझी फाइल कुणाच्या टेबलावर अडते?

एक पुजारी म्हणाले, मागल्या जन्माचं.
आठ वर्षांच्या पोराला
मागला जन्म असा किती लांब असणार?
भावकीतली म्हातारी म्हणाली, देवीनं सोडवलं त्याला.
कशातून? दहा नंबरातून?
लक्समीटर घेऊन एक प्राध्यापक येतात दरवर्षी,
ते म्हणाले, देव वगैरे काही नाही, हा फक्त कोन आहे.
कोन मला पटतो. कोन कुणावर रागावत नाही.
पण मग रात्री दोन वाजता उठून
मी कुणाशी भांडत असतो,
हे त्यांनी सांगितलं नाही.

तू नाहीस म्हणायला धीर होत नाही.
आहेस म्हणायला त्याहून कमी.
कारण असशील, तर ते पान तूही वाचलं आहेस.

काल दुसरा दिवस. मोबाइल धरून वर गेलेले हात.
ऊन उंबऱ्यावर आलं, कासवावर चढलं,
तुझ्या गुडघ्याला लागलं आणि विरलं.
पाटी नव्हती. टाकी नव्हती.
रंकाळ्याकडं नुसतं धुरकट होतं.
मी लिहिलं: पाच सत्तेचाळीस. गुडघा.
लोकांनी घंटा वाजवली तरीही.

बाहेर मालन कमळं विकते, पूर्वीच्याच जागेवर.
मी त्या बाजूनं जात नाही. काल गर्दीनं नेलं.
"कुठवर आलं रं ऊन?"
तोंडातून शब्द फुटेना.
हातानं दाखवलं, माझ्याच गुडघ्याशी.
बघत राहिली.
"पाणीबी एवढंच हुतं," म्हणाली.

तिला ते पान ठाऊक आहे का,
मला ठाऊक नाही.
"मी आत जात न्हाई आता. फुलं तेवढी देतो,"
म्हणत तिनं गिऱ्हाइकाच्या कमळावर पाणी शिंपडलं,
सुट्टे पैसे मोजले, दोनदा मोजले.

भवानी मंडपापर्यंत पट्टी माझ्या हातात होती.
सरळ धरली होती का,
आठवत नाही.