दोन सदरे

प्रयोगशाळेनं मागितलं होतं एवढंच:
एकाच ताग्यातल्या सुती कापडाचे दोन तुकडे,
पांढरे, न रंगवलेले.
गेनोवेफानं आणले नवऱ्याचे दोन सदरे.
इस्त्री केलेले.
"विन्त्सेन्ती एकसारखेच घ्यायचा, जोडीनं.
एक वाळत असला की दुसरा अंगात."

पोडलासिएतली ही रेताड जमीन
मुठीत धरावी तर बोटांमधून निसटते.
टेकाडावरचं शेत मुलाचं, लेशेकचं:
पोत्यातलं खत, पीक, पुन्हा पोत्यातलं खत,
मधल्या दिवसांत उघडी माती, विंचरल्यासारखी.
स्वच्छ, तो म्हणतो.
ओढ्यालगतचं तिचं.
तिथं सलग चौथ्या एप्रिलात ल्युपिन पेरलं,
जूनअखेर कमरेला लागलं, पिवळंधमक,
वासानं डोकं जड व्हावं असं,
आणि ऐन फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या आत
तिनं त्यावर नांगर घातला.
शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहिले.
बोललं कुणीच नाही.

मी एक रोप वेळेवर उपटून घेतलं होतं.
मुळांना गाठी. नखानं एक फोडली,
आत गुलाबी, ताज्या खरचटण्यासारखी.
"जिवंत आहे," मी म्हणाले.
"मग? मेलेलं कशाला पुरू?"

आणि वीतभर खोल आम्ही सदरे पुरले,
एक वर, एक खाली,
खुणेच्या काठ्यांना तिनं लाल लोकर गुंडाळली.

पुढचे दोन महिने मी शहरात
मातीचा श्वास मोजत बसले.
म्हणजे हवाबंद बरण्या, अंधारं कपाट,
बरणीत माती आणि शेजारी कुपीत कॉस्टिक सोडा;
माती जे सोडते ते त्या पाण्यात अडकतं,
मग थेंबाथेंबानं हिशेब.
टेकाडावरची माती तापातल्या माणसासारखी, वरवरचा श्वास.
ओढ्याकाठची...
मला वाटलं आकडा चुकला. तीनदा केला.
चमचाभर मातीत पंगत बसली होती.
आधी जिवाणू, हावरे, कोवळ्या पानांवर तुटून पडलेले;
मागाहून बुरशी, सावकाश,
देठांतल्या लाकडाला हात घालणारी;
मग त्यांना खाणारे,
आणि त्या खाणाऱ्यांवर टपलेले.
उष्टं कुणी टाकत नव्हतं.
अहवालात मी लिहिलं: श्वसनदर वाढलेला.

सप्टेंबरात वरचा सदरा
कुदळीच्या तिसऱ्या घावाला निघाला.
अख्खा.
मळका, चुरगळलेला, बस्स.
खिशात बोट घातलं तर खिसा होता.
धुतला असता तर रविवारी चर्चला चालला असता.
लेशेक म्हणाला, "बघ, काहीसुद्धा झालं नाही."
"तेच तर," ती म्हणाली.

खाली आम्ही बराच वेळ माती चाळत राहिलो.
कॉलरचं अस्तर. शिवणीचा नायलॉन धागा,
कुणी पेन्सिलीनं सदरा काढून
आत भरायचं विसरावं, तसा.
सहा बटणं.
माती हातात थांबत होती आता,
अळंबीचा वास, बंद तळघराचा.
सातव्या बटणासाठी ती गुडघ्यांवर बसली.
गळ्याजवळचं. "ते मी लावलं होतं, जरा वेगळ्या रंगाचं.
त्याला कधी कळलं नाही."
सापडलं नाही.

मी तक्ता भरला: उरलेलं कापड, खाली चार टक्के,
वर ब्याण्णव.
वरचा नमुना पिशवीत, पिशवीला क्रमांक.
"तो दे इकडे."
नियमात बसत नव्हतं. मी पिशवी उघडली.

तिनं सदऱ्याची घडी घातली, बाह्या आत,
कपाटात ठेवायची तशी,
आणि ओढ्याकाठच्या त्याच खड्ड्यात ठेवला.
लेशेक कुदळीवर रेलून उभा होता.
माती त्यानंच लोटली.
मग लाल लोकरीची काठी बुटानं हलवत,
आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, त्यानं विचारलं,
ल्युपिनचं बी किलोला किती पडतं.